यांका कुपालाचा मग: थंडी ते थंडी वापरून झाल्यावर

मग चांगला आहे, घ्या. पण कोणता घ्यायचा ते आधी वाचा, कारण बेलारूसची राजधानी मिन्स्कमध्ये यांका कुपालाचे (हा इथला राष्ट्रकवी) मग छपाईच्या दोन जातींचे मिळतात, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात, किमतीत फार फरक नसतो आणि लांबून बघून काही म्हणजे काही कळत नाही.

मी मूळचा लातूरचा, इथे मेडिकलला आहे, हॉस्टेलवर राहतो. मग घेतला तेव्हा थंडी सुरू होत होती, आता पुढची थंडी तोंडावर आलीये, म्हणजे सगळे ऋतू दाखवून झालेत त्याला. घ्यायचं कारण अगदी साधं होतं, हॉस्टेलच्या किचनमध्ये पांढरा मग ठेवला की संध्याकाळपर्यंत तो कुणाच्या रूममध्ये जातो त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून ओळखू येईल असं काहीतरी पाहिजे होतं. चेहरा असलेला मग कुणी उचलत नाही, हे मात्र खरं निघालं. वीसेक रुबल गेले, कॅन्टीनमध्ये दोन-तीन वेळचं जेवण धरा.

मग म्हणजे तोच नेहमीचा सरळ उभा साचा, ३३० मिलीचा. एका बाजूला कुपाला, सूट-टाय, केस मागे वळवलेले, खाली त्याची सही. दुसऱ्या बाजूला ‘बेलारूसचा राष्ट्रकवी’, त्याखाली १८८२–१९४२, आणि त्याच्या ‘स्पाद्चिना’ म्हणजे ‘वारसा’ या कवितेची पहिली ओळ. बुडाजवळ लाल नक्षीची पट्टी, इथे रुश्निक म्हणून भरतकामाचे लांब टॉवेल असतात, पाहुणा आला की त्यावर ब्रेड आणि मीठ ठेवून पुढे करतात, त्यावरची नक्षी. आणि दोन्हीकडे निळी फुलं. फुलांवर नंतर येतो, त्यांच्याशी माझं वेगळं भांडण आहे.

आधी छपाई, कारण सगळा खेळ तिथेच आहे. माझा मग सब्लिमेशनचा आहे, म्हणजे आपल्याकडे वाढदिवसाला फोटो छापून देतात तोच प्रकार, लातूरला गंजगोलाईतसुद्धा करून मिळतो. कागदावर खास शाईनं चित्र छापायचं, कागद मगाला गुंडाळायचा, १८०-२०० डिग्रीला काही मिनिटं दाबून धरायचं, शाईचा थेट वायू होतो आणि मगावर आधीच चढवलेल्या पॉलिमरच्या कोटिंगमध्ये शिरून बसतो. चिनीमातीत शिरत नाही, कोटिंगमध्ये शिरतो, हे लक्षात ठेवा, कारण कोटिंग गेलं की कवी गेला. माझ्या रूममेटकडे याकुब कोलासचा मग आहे (हा इथला दुसरा मोठा कवी, तोही १८८२चाच) आणि तो डेकॉलचा आहे, इथे देकोल म्हणतात. त्यात रंगच सिरॅमिकचे असतात, चित्राचा पातळ पापुद्रा ग्लेझवर (मगावरचा काचेसारखा चकचकीत थर) चिकटवतात आणि मग परत भट्टीत, ८०० डिग्रीच्या आसपास. रंग ग्लेझला धरून बसतो. ओळखायचं कसं, तर चित्राच्या कडेवरून नख फिरवा. नखाला बारीकशी पायरी लागली तर डेकॉल, काहीच लागलं नाही, सगळं गुळगुळीत एकसारखं असलं तर सब्लिमेशन. दुकानातली बाई रागानं बघते, बघू द्या.

दोघांचे मग रोज वापरात, दोघंही हातानंच धुतो, तरी फरक दिसायला लागलाय. कोलास आहे तसा आहे. कुपालाचा चेहरा समोरून अजून स्वच्छ आहे, पण हँडलजवळ जिथे अंगठा टेकतो तिथे कोटिंगवर बारीक ओरखडे आलेत, उजेडात तिरपा धरला की दिसतात, आणि खिडकीकडची फुलं फिकट झालीत. खिडकीत ठेवायची सवय माझीच, आणि इथल्या जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो त्यामुळे ऊन खूप वेळ खातो तो. एकदा किचनमधल्या कुणीतरी तारेच्या घासणीनं घासला, त्यात लाल पट्टीचा एक तुकडा निघाला तो कायमचाच. डिशवॉशर आमच्या हॉस्टेलला नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी सब्लिमेशनचा मग त्यात टाकू नका, गरम पाणी आणि त्या पावडरमधला क्षार मिळून कोटिंग खातात. डेकॉलचा थोडा जास्त तग धरतो, पण तोही ग्लेझच्या वरच बसलेला असतो, त्यामुळे अमर नाही.

पट्टीबद्दल अजून एक, हा डिझाइनचा दोष आहे आणि मला रोज खुपतो. मगाचा घेर साधारण २६ सेंमी, छापता येतं २० सेंमीच्या आसपास, कारण हँडल मधे येतं. म्हणून नक्षी हँडलच्या अलीकडे धाडकन तुटते आणि पलीकडे भलत्याच ठिकाणी परत सुरू होते. रुश्निकवरची नक्षी हिशोबात असते, समोरासमोरचे आकार जुळलेले असतात, इथे अर्धा चौकोन कापलाय आणि पलीकडे पाऊण. ज्यानं कंप्युटरवर हे केलं त्यानं ते मगावर गुंडाळून बघितलं नसणार. पट्टी जरा लहान करून मधोमध बसवली असती तर काम झालं असतं. चांगली गोष्ट ही की वरच्या काठापासून दोनेक सेंमी जागा कोरी सोडलीये, ओठ लागतात तिथे रंग नको, आणि डेकॉलमध्ये तर हे बघाच, कारण ग्लेझवरच्या काही लाल-पिवळ्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. काठापर्यंत रंगवलेला स्वस्तातला मग शोभेला ठेवा, चहाला नको.

चहा. ३३० मिली म्हणजे आपल्या हिशोबानं तीन कप चहा, घरी कुणी एवढा दिला तर आई म्हणेल जेवायचं नाही का. पण बाहेर उणे पंधरा असलं की एवढा लागतो. भिंत जाड आहे त्यामुळे गरम बराच वेळ राहतो, अर्थात सुरुवातीला तोंड भाजतं ते वेगळं, आणि बशी नाही! माझ्यासारख्या बशीत ओतून फुर्र करून पिणाऱ्या माणसाला मग म्हणजे शिक्षा आहे, मी शेवटी साध्या जेवणाच्या प्लेटमध्ये ओतून प्यायलोय आणि रूममेटनं व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकलाय. हँडलमध्ये तीन बोटं जातात, हातमोजे घालूनही जातात, हे इथे महत्त्वाचं. मायक्रोवेव्हमध्ये चालतो, फक्त बुडाची कड ग्लेझ नसलेली आहे, ती पाणी पिते, ओल्या मगाला तापवलं की बूड चटका देतं. सोनेरी काठवालाही एक मग मिळतो, तो चुकूनही मायक्रोवेव्हमध्ये नको, ठिणग्या उडतात.

आतल्या बाजूनं चहाचा तपकिरी थर बसतो, खायचा सोडा ओल्या बोटानं चोळला की निघतो. हळदीचं दूध केलं होतं सर्दीत, त्याचा पिवळा डाग पण गेला, जरा वेळ लागला. आत अजून तडा नाही, पण थंडीत खिडकीच्या काचेला टेकलेला मग उचलून त्यात सरळ उकळतं पाणी ओतू नका, आधी नळाचं कोमट पाणी फिरवा. आमच्याच मजल्यावर एकाच्या मगाला असाच वरून खालपर्यंत तडा गेला, त्याच्यावर कवी नव्हता, मांजर होतं.

आता वाख्त्योरशा आजींचं सांगतो. वाख्त्योरशा म्हणजे हॉस्टेलच्या दारात बसून कोण आलं कोण गेलं बघणाऱ्या, उशीर झाला की ओरडणाऱ्या, आणि कुणाला ताप आला की मुरंबा घालून चहा पाठवणाऱ्या पण त्याच. आधी माझा आणि त्यांचा संबंध म्हणजे पास दाखव, बूट झटक, एवढाच. एकदा मग घेऊन खाली गेलो, पार्सल आलं होतं ते घ्यायला, तर त्यांनी मग हातात घेतला, चष्मा वर केला, ती ओळ वाचली आणि पुढची सगळी कविता म्हणून टाकली. एरवी रशियनच बोलतात, मिन्स्कमध्ये रस्त्यावर, बाजारात तुम्हाला बहुतेक रशियनच ऐकू येईल, बेलारूसी भाषा आमच्या कानावर पडते ती मेट्रोच्या अनाउन्समेंटमध्ये, ‘अस्त्यारोझ्ना, द्झ्वेरी झाचिन्यायुत्सा’, दारं बंद होताहेत, आणि पुढचं स्टेशन कुपालाउस्काया, हो, त्याच्याच नावाचं. तर आजी कविता म्हणता म्हणता गायला लागल्या, कारण १९१८च्या या कवितेला नंतर इहार लुचानोकनं चाल लावली आणि ‘पेस्न्यारी’ या बँडनं ती घराघरात नेली. मागे रांग लागली होती, एक कझाक पोरगा पास हातात धरून तसाच उभा. गाणं संपल्यावर आजींनी मगाकडे परत बघितलं आणि म्हणाल्या, “याला एवढा म्हातारा का केलाय? आमच्या पुस्तकात तरणा होता.”

त्या बोलल्या ते डोक्यात बसलं आणि मग मी वाचायला लागलो, पार्कातल्या म्युझियममध्ये गेलो, आणि आता माझंही तेच मत आहे. मगावर चुकीचा कुपाला छापलाय.

म्हणजे बघा, खरं नाव इवान लुत्सेविच. ‘कुपाला’ हे टोपणनाव, जुलैच्या सुरुवातीला इथे कुपालाची रात्र असते, आग पेटवून तिच्यावरून उड्या मारतात, पोरी नदीत फुलांचे मुकुट सोडतात, त्या सणाच्या सुमाराला जन्मला म्हणून. घरचे नावाला जुने खानदानी पण जमीन स्वतःची नाही, दुसऱ्याची खंडानं करायची. १९०२ला वडील गेले आणि घर याच्या अंगावर पडलं. मिळेल ती कामं केली, दारू गाळायच्या कारखान्यांत मजुरी केली. १९०५ला बेलारूसीतली पहिली कविता छापून आली ती ‘मुझीक’, म्हणजे शेतकरी गडी. ‘तिकडे कोण चाललंय’ ही त्याची सगळ्यात गाजलेली कविता त्याच दोन-तीन वर्षांतली. सगळी सवाल-जवाबात आहे, एवढा मोठा जमाव कुणाचा चाललाय, बेलारूसी लोकांचा, खांद्यावर काय नेताहेत, आपल्यावर झालेला अन्याय, आणि शेवटी त्यांना हवंय तरी काय, तर माणूस म्हणवून घ्यायचंय. मॅक्सिम गॉर्कीला ती इतकी भिडली की त्यानं स्वतः रशियनमध्ये आणली. आपल्याकडे गॉर्की म्हटलं की ‘आई’ एवढंच माहीत असतं, हे पण त्याचं एक काम. पहिलं पुस्तक ‘झालेइका’ १९०८ला निघालं, झालेइका म्हणजे गुराखी वाजवतात ती पावरीसारखी पुंगी. तेव्हा हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. तो कुपाला मगावर असता तर आजींनी ओळखला असता.

मगावर आहे तो १९२५नंतरचा, सरकारनं राष्ट्रकवी ही पदवी दिल्यानंतरचा, फाइलीतल्या फोटोसारखा. त्याच पदवीवाल्या माणसानं १९३०ला, आजूबाजूच्या लेखकांची धरपकड चालू असताना, जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हे मगावर कोण छापणार, आणि छापू नये पण. ‘तुतेइशिया’ हे त्याचं १९२२चं नाटक सोव्हिएत काळात दडपलेलं होतं. १९४१च्या जूनमध्ये मिन्स्कवर बॉम्ब पडले तेव्हा त्याचं घर जळालं, पुस्तकं, हस्तलिखितं सगळी त्यात गेली. पुढच्या वर्षी २८ जूनला मॉस्कोच्या एका मोठ्या हॉटेलात जिन्यावरून पडून गेला, साठावा वाढदिवस जेमतेम आठवड्यावर होता. पडला की पाडला यावर इथे अजून लोक हळू आवाजात बोलतात. मिन्स्कला त्याच्या अस्थी आणल्या त्या १९६२ला, तोपर्यंत मॉस्कोतच होत्या. म्युझियम त्याच्या बायकोनं, उलादिस्लावानं, उभं केलं, पहिली डायरेक्टर तीच, स्विसलाच नदीच्या काठावरच्या पार्कात आहे, मेट्रोवरून चालत जाता येतं. मग घेण्याआधी तिथे जाऊन या, मग घ्यायचा मूड बदलला तर तोही फायदाच.

व्याझिन्कालाही जाऊन आलो, जन्मगाव, मिन्स्कहून मालादझेच्नाकडे जाणारी लोकल तिथे थांबते. उन्हाळ्यात जा. लाकडी घर आहे, तेही त्यांचं स्वतःचं नव्हतं, भाड्याचं. आजूबाजूला टेकड्या, झाडी, आणि माणसं जवळजवळ नाहीतच. आत बघायला खूप काही आहे असं नाही, पण मला ते शहरातल्या म्युझियमपेक्षा आवडलं.

हां, फुलं. निळी फुलं म्हणजे वासिल्योक, गव्हा-रायच्या शेतात उगवणारं रानफूल, आणि ते इथे सगळ्यावर असतं, विटेब्स्कच्या स्लाव्यान्स्की बाजार या मोठ्या संगीत महोत्सवाची खूण तीच, बेलाविया एअरलाइनच्या विमानावर तेच. पण कवितेत या फुलाचं सगळ्यात मोठं काम केलं ते मक्सिम बहदानोविचनं. त्याची स्लुत्स्कच्या विणकर बायकांवरची कविता आहे, सरदाराच्या हवेलीत त्यांना आणून पर्शियन नक्षीचे सोनेरी कमरपट्टे विणायला बसवलंय, खिडकीतून शेत दिसतंय, आणि हात आपोआप पर्शियन नक्षी सोडून हे फूल विणायला लागतो. बिचारा पंचविसाव्या वर्षी क्षयानं गेला, हयातीत एकच कवितासंग्रह. त्याचाही मग मिळतो आणि त्याच्यावर बघितलं तर काय, लाल पट्टी! फुलं नावाला एक. म्हणजे पट्टी आणि फुलं हा सगळ्यांना मिळालेला युनिफॉर्म आहे, चेहरा तेवढा बदलायचा. कुपालाला फर्नचं फूल द्यायचं ना, कुपालाच्या रात्री जंगलात शोधत फिरतात ते, जे कधी कुणाला सापडत नाही. फर्नला फूल येतच नाही हे आम्हाला बारावीच्या बायोलॉजीत शिकवलंय, पण मगावर छान दिसलं असतं.

आपल्याकडेही २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचे मग निघतात, पाच-सहा ओळी आणि पिंपळपान, त्यामुळे मी इथल्या लोकांना नावं ठेवत नाहीये. फक्त एवढंच की मग हातात रोज तीन-चारदा येतो. पोस्टर लावलं की आठवड्यात दिसेनासं होतं, मगाचं तसं नाही, रोज ओठाला लावायचा असतो, त्यामुळे त्याच्यावरचं थोडं जरी चुकलं तरी परत परत दिसतं आणि बरोबर असलं तर परत परत बरं वाटतं. ती ओळ बरोबर आहे, बेलारूसीतच छापलीये, त्याबद्दल पूर्ण मार्क. काही मगांवर सगळं रशियनमध्ये असतं, ते घेऊ नका. लिपी वाचता येत नसली तरी युक्ती सांगतो, इंग्रजी वायसारखं दिसणारं एक अक्षर शोधा ज्याच्या डोक्यावर वाटीसारखी छोटी कोर आहे, ते अक्षर रशियनमध्ये नाहीच, बेलारूसीत आहे. पोलात्स्क शहरात २००३ला त्या अक्षराचं स्मारक उभारलंय, अक्षराचं! ते दिसलं की ओळ बेलारूसी समजा. ओळ छोटी असेल तर ते नसूही शकतं, मग दुकानदाराला विचारा.

आईनं व्हिडिओ कॉलवर बघितला तेव्हा विचारलं, “हे कोण रे, तुमचे डीन का?” मी सांगितलं कवी आहेत. “मग टाय कशाला घातलाय?” आई पण आजींच्याच पार्टीतली निघाली. बाबा मराठी शिकवायचे, त्यांनी सगळी चौकशी केली, कधीचा, काय लिहिलं, नाटकं लिहिली का. ‘पावलिंका’ म्हणून १९१२ची कॉमेडी आहे, इथल्या कुपाला थिएटरचा सीझन परंपरेनं तिच्यानं सुरू होतो, बापाला नको असलेल्या पोराशी लग्न करायचं म्हणणारी पोरगी, ती गोष्ट त्यांना फोनवर सांगितली तर म्हणाले हे आपल्याकडे तमाशाच्या वगात आरामात बसेल. आता त्यांच्यासाठी एक मग न्यायचाय.

तर तो कुठला नेणार ते सांगतो, तुमच्याही कामाला येईल. डेकॉलचा, पोर्सेलिनचा, म्हणजे उजेडासमोर धरला की भिंतीतून बोटाची सावली दिसते आणि टिचकी मारली की टणत्कार होतो, बदबद आवाज नाही. बेलारूसमध्येच दोब्रुशला पोर्सेलिनचा कारखाना आहे, बुडाला शिक्का बघून घ्या, बुडाला काहीच नसलं तर कोरा मग बाहेरून आणून इथे चित्र मारलेलं असायची शक्यता जास्त. चेहरा नको, नुसती ओळ आणि सही असलेला एक बघून ठेवलाय, साधा आहे, लाल पट्टी नाही, फुलं नाहीत. माझ्यापेक्षा सात-आठ रुबल जास्त आहे. कोलासचा पण घेतला असता, पण त्याचं मोठं काम म्हणजे ‘नवी जमीन’, ते दीर्घकाव्य आहे, बाबांना फोनवर सांगून संपणार नाही.

स्वतःला रोज वापरायला मात्र माझ्यासारखा सब्लिमेशनचा चालेल, पाचपैकी साडेतीन देतो, अर्धा नक्षीचा कापला, एक सूट-टायचा. डबा अगदी पातळ पुठ्ठ्याचा येतो, त्याच्या भरवशावर राहू नका. हँडल आधी तुटतं, म्हणून आत मोजे कोंबा, हँडलच्या भोकातून पण एक मोजा ओढून घ्या, आणि चेक-इन बॅगेत टाकण्यापेक्षा हातातल्या बॅगेत ठेवा.